झेडपीचा सीईओ : भेटीला जाण्याआधी भिंतीवरचा फलक वाचा

जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या दालनात शिरलं की खुर्चीच्या मागे किंवा बाजूच्या भिंतीवर एक लाकडी फलक दिसतो. अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत. जुन्या झेडपीत पहिली ओळ १९६२ ची, कारण महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या. शिपाई ‘बसा’ म्हणेपर्यंत जी दोन मिनिटं मिळतात त्यात हा फलक खालून वर वाचावा आणि शेवटच्या पाच-सहा जणांच्या तारखा एकमेकांतून वजा कराव्यात. दोन वर्षं, अकरा महिने, मग मध्येच कुणी चार महिने ‘प्रभारी’, मग सव्वा वर्ष. आपलं काम या खुर्चीकडून किती दिवसांत उरकून घ्यायचं याचा हिशेब तिथेच लागतो.

परीक्षण या खुर्चीचं आहे, तिच्यावर बसलेल्या कुणाचं नाही. राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत, सगळ्यांना १९६१ चा एकच अधिनियम लागू आहे, त्यामुळे गडचिरोली असो की सातारा, सेवा साधारण त्याच साच्याची मिळते. मत आधीच सांगून टाकतो. एका सहीने सुटणारं काम असेल तर जिल्ह्यात यापेक्षा चांगलं ठिकाण नाही. काम दोन सीईओंच्या कारकिर्दीत पसरणारं असेल तर या सेवेवर एकटीवर भरवसा ठेवू नये.

आधी एक सामान्य चूक. सातबारा, फेरफार, रेशनकार्ड, जमीन मोजणी, जातीचा दाखला यांपैकी कशासाठीही इथे येऊ नका. ती महसूल आणि भूमी अभिलेखची कामं. झेडपीची हद्द म्हणजे प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावाची पाणीयोजना, ग्रामीण रस्ते, पशुवैद्यकीय दवाखाना, ग्रामपंचायतीचा कारभार, आणि हे सगळं चालवणारे हजारो कर्मचारी. अभ्यागतांच्या रांगेतला बराच भाग या शेवटच्या गटाचा असतो: शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेविका, निवृत्त मुख्याध्यापक. गावकरी तुरळक. सरपंच मात्र भरपूर.

आता खुर्चीवर कोण बसतं ते. याची माहिती असेल तर निम्मं काम सोपं होतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिला प्रकार थेट भरतीचा आयएएस. मसुरीचं प्रशिक्षण, एखाद्या जिल्ह्यात वर्षभराची परिविक्षा, केंद्रात काही महिने सहायक सचिव, मग उपविभागात सहायक जिल्हाधिकारी. महाराष्ट्रात त्याच्याच जोडीला बहुतेकदा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं प्रकल्प अधिकारीपद असतं. चार वर्षं सेवा झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकात स्तर ११, मूळ वेतन ६७,७०० रुपयांपासून. याच सुमारास झेडपी मिळते. म्हणजे साहेब किंवा मॅडम तिशीच्या आसपासच्या, आणि पुढची पायरी जिल्हाधिकारी किंवा एखाद्या महापालिकेचं आयुक्तपद. या प्रकाराची ताकद वेग आणि आकडे. डॅशबोर्ड लागतात, व्हीसी म्हणजे व्हिडिओ बैठका लागतात, शाळाभेटीचे फोटो ग्रुपवर मागवले जातात, एक ‘नावीन्यपूर्ण उपक्रम’ हमखास निघतो. दुबळी बाजू म्हणजे सेवापुस्तक, वेतननिश्चिती, ज्येष्ठतायादी, बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंद) ही रटाळ खाती. ती कळायला वर्ष जातं, आणि कळली की बदलीची वेळ होते.

दुसरा प्रकार पदोन्नतीने आलेला. उपजिल्हाधिकारी म्हणून सुरुवात, अपर जिल्हाधिकारीपर्यंतचा प्रवास, आणि वयाच्या पन्नाशीत आयएएसमध्ये निवड. राज्य सेवेत निवृत्ती ५८ ला, आयएएसला ६० ला, त्यामुळे निवड झाली की दोन वर्षं वाढतातही. हे अधिकारी फाईल वाचतात. टिपणीत कारकुनाने काय लपवलंय ते दुसऱ्या परिच्छेदात पकडतात. नियमाबाहेरचं काही सहसा करणार नाहीत, आणि नियमातलं विनाकारण अडवणारही नाहीत. पेन्शन, अनुकंपा, विभागीय चौकशी अशी कामं अडकली असतील तर हा प्रकार उत्तम. नवं काही सुरू करून घ्यायचं असेल तर मात्र उत्साह थोडा कमी पडतो.

तिसरा प्रकार प्रभारी. सीईओंची बदली झाली, नवे रुजू झाले नाहीत, तोवर अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे कार्यभार. या माणसाला झेडपी सगळ्यांत जास्त कळत असते. महाराष्ट्र विकास सेवेतून आलेला असतो: लोकसेवा आयोगाची परीक्षा, गटविकास अधिकारी किंवा उपमुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून नेमणूक, मग पाच-सहा जिल्हे फिरून अतिरिक्त सीईओ. बहुतेकांची शिडी तिथेच संपते. उपजिल्हाधिकाऱ्याला पदोन्नतीने आयएएसचा रस्ता आहे. विकास सेवेच्या अधिकाऱ्याला बिगर राज्य नागरी सेवेच्या वाट्यातून यावं लागतं. त्या वाट्याला पदोन्नतीच्या कोट्याच्या १५ टक्के ही कमाल मर्यादा, आणि तेवढ्यात अभियंते, डॉक्टर, कृषी अधिकारी, सगळ्या खात्यांची गर्दी. तीस वर्षं पंचायत राज जगलेला माणूस अतिरिक्त म्हणून निवृत्त होतो आणि ज्याने परिविक्षेत काही आठवडे झेडपी पाहिली तो सीईओ होतो. या सेवेची आमच्या मते ही सगळ्यांत मोठी रचनात्मक खोट. प्रभारीच्या काळात रोजची कामं चालतात, धोरणाचं किंवा वादाचं काहीही ‘नवीन साहेब आल्यावर’ या खणात जातं.

कोणता प्रकार आहे हे कळलं की दुसरा प्रश्न, कार्यकाळाचा कितवा महिना चालू आहे. आयएएस संवर्ग नियमांत २०१४ पासून किमान दोन वर्षांची तरतूद आहे. राज्याच्या २००५ च्या बदली अधिनियमात सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, आणि नियमित बदल्या एप्रिल-मेमध्ये. कागद असं म्हणतो. फलक काय म्हणतो ते वर पाहिलंच.

पहिले तीन महिने नवा सीईओ खातेनिहाय आढावा घेतो. त्या काळात तक्रारी ऐकल्या जातात, निर्णय कमी होतात. तरी अर्ज याच काळात द्यावा, कारण आढावा बैठकीत प्रलंबित प्रकरणांची जी यादी तयार होते ती पुढे वर्षभर विचारली जाते. त्या यादीत आपलं प्रकरण शिरणं महत्त्वाचं. चौथ्या ते पंधराव्या महिन्यातला काळ खरा कामाचा. त्यातले जानेवारी ते मार्च वजा करा, तेव्हा संपूर्ण इमारत देयकांच्या मागे असते. मार्चअखेरीबद्दल बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते: जिल्हा नियोजन समितीकडून आलेला निधी झेडपीला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्चता येतो. ‘मार्च आलाय, पैसे परत जातील’ असं कुणी घाबरवलं तर निधी कोणत्या वर्षाचा हे आधी विचारा. गेल्या वर्षीचा असेल तर भीती खरी. यंदाचा असेल तर कंत्राटदाराला घाई आहे, एवढाच त्याचा अर्थ. अठराव्या महिन्यानंतर साहेबांचं लक्ष पुढच्या पोस्टिंगकडे लागतं, आणि त्यात त्यांचा फार दोष नाही.

आता सहीची ताकद नेमकी कुठवर चालते ते.

गट क आणि गट ड च्या कर्मचाऱ्यांवर ती पूर्ण चालते. १९६४ च्या शिस्त व अपील नियमांनुसार निलंबन, विभागीय चौकशी, वेतनवाढ रोखणे, बडतर्फी, सगळं सीईओच्या हातात. अपील विभागीय आयुक्तांकडे. त्यामुळे ‘सीईओंनी अचानक भेट दिली, तिघं निलंबित’ ही बातमी वर्षातून अनेकदा वाचायला मिळते. बातमीनंतर काय होतं ते छापून येत नाही. निलंबन ही शिक्षा नसते. पहिले तीन महिने साधारण निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता घरबसल्या मिळतो, आणि ९० दिवसांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन टिकत नाही. दोषारोपपत्राचे चार भाग लागतात: दोषारोप, त्याचं विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. तिसऱ्या भागात बहुतेक खाती आपटतात, कारण भेटीच्या दिवशी हजेरीपटाची प्रत ताब्यात घेतलेली नसते किंवा पंचनाम्यावर कुणाची सही नसते. मग चौकशी अधिकारी नेमला जातो, तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतो, आणि पुढचा सीईओ पुनर्स्थापना देतो. तक्रारदार म्हणून या सेवेकडे जाणाऱ्याने ‘निलंबित करा’ ही मागणी करण्यापेक्षा ‘दोषारोपपत्र कधी बजावलं, त्याची तारीख द्या’ असा अर्ज दोन महिन्यांनी करावा. त्याचा परिणाम जास्त होतो.

वर्ग एक आणि दोनच्या, म्हणजे गट अ आणि ब च्या, अधिकाऱ्यांवर मात्र ही सही अडखळते. शिक्षणाधिकारी, कार्यकारी अभियंता, जिल्हा आरोग्य अधिकारी, कॅफो म्हणजे मुख्य लेखा व वित्त अधिकारी, हे सगळे शासनाचे. सीईओ त्यांचा गोपनीय अहवाल लिहितात, नोटीस काढतात, शासनाला प्रस्ताव पाठवतात. निलंबन मंत्रालयातून. खातेप्रमुख आणि सीईओ यांचं पटत नसेल तर सामान्य माणसाची फाईल दोघांच्या मधल्या पोर्चमध्ये उभी राहते. असं दिसलं तर सीईओकडे तिसरी फेरी मारण्यात अर्थ नाही. खातेप्रमुखाला काय हवंय ते लेखी मागून घ्यावं.

शिक्षकांच्या बदल्या हा या पदाचा एकेकाळचा सगळ्यांत मोठा अधिकार. समुपदेशनाच्या दिवशी झेडपीच्या आवारात जत्रा भरायची. २०१७ पासून जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या आणि त्यानंतर धोरण दोनदा सुधारलं. संवर्ग एकमध्ये दिव्यांग, गंभीर आजारी, विधवा, ५३ वर्षं पूर्ण झालेले वगैरे. संवर्ग दोनमध्ये पती-पत्नी, तिथे ३० किलोमीटरचं अंतर मोजलं जातं. मग अवघड क्षेत्रात सेवा केलेले बदली अधिकारप्राप्त, आणि शेवटी बदलीपात्र. सॉफ्टवेअर प्राधान्यक्रमाने शाळा देतं. साहेबांना भेटून शाळा मिळत नाही, आणि हे पटायला काहींना अजून वेळ लागतोय. तरी सीईओचं महत्त्व संपलेलं नाही, ते आधीच्या टप्प्यात सरकलं आहे. कोणतं गाव अवघड क्षेत्रात हे सीईओंच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. सरासरी २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, संवादछायेचा (फोनची रेंज नसलेला) प्रदेश, रस्त्याचा अभाव असे निकष असतात. यादी एकदा प्रसिद्ध झाली की पुढचं सगळं तिच्यावर चालतं. म्हणून हरकत तिथेच घ्यायची. बदली आदेश हातात पडल्यावर ‘आमच्या गावाला रेंज नाही’ हे सांगून काही होत नाही. पती-पत्नीच्या अंतराचा दाखला आणि आजाराचं प्रमाणपत्र ही दोन कागदं वादाची. खोटी माहिती भरल्याची तक्रार आली तर पडताळणी आणि कारवाई सीईओंनाच करावी लागते, आणि ती करण्याचा कंटाळा हा बहुतेक कारकिर्दींतला समान धागा.

सरपंचांच्या बाबतीत लोकांचा आणखी एक गैरसमज. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली सरपंचाला काढायचं तर चौकशी झेडपीकडून होते, आदेश विभागीय आयुक्त देतात. सीईओंकडे ‘सरपंचाला हटवा’ असा अर्ज दिला की तो गटविकास अधिकाऱ्याकडे अहवालासाठी जातो, तिथून विस्तार अधिकाऱ्याकडे, तिथून दप्तर तपासणीला ग्रामपंचायतीत. दप्तर ज्याच्या कपाटात, तक्रारही बहुधा त्याच्याबद्दलचीच. अर्जात कलम, ठरावाची तारीख, धनादेश क्रमांक आणि रक्कम लिहिली तर अहवाल टाळता येत नाही. ‘भ्रष्टाचार केला आहे’ एवढंच लिहिलं तर ‘तथ्य आढळून येत नाही’ एवढंच परत येतं.

फाईलचा रस्ता जवळून पाहू. उदाहरण म्हणून पडायला आलेली शाळाखोली घ्या. तिचं निर्लेखन, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीतून रीतसर काढून टाकणं, झाल्याशिवाय ती पाडता येत नाही, आणि पाडल्याशिवाय त्या जागी नवी खोली मिळत नाही. लागतं काय: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, उपअभियंत्याचा धोकादायक असल्याचा दाखला, निर्लेखन मूल्यांकन, बांधकामाचं वर्ष, चारी बाजूंचे फोटो. प्रस्ताव मुख्याध्यापकाकडून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, तिथून शिक्षण विभागात कनिष्ठ सहायकाच्या टेबलावर. टिपणी तिथे जन्मते. वरिष्ठ सहायक, कक्ष अधिकारी, शिक्षणाधिकारी, मग बांधकामाचा अभिप्राय, पैशाचा संबंध असेल तर कॅफो, मग अतिरिक्त, मग सीईओ. सात-आठ सह्या. प्रस्ताव परत का येतो? सगळ्यांत जास्त वेळा ‘बांधकामाचं वर्ष’ या एका रकान्यामुळे. खोली १९७० च्या आसपास श्रमदानातून बांधलेली असते, शाळेत नोंद नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे इमारतींच्या कर आकारणी नोंदवहीत, इमारतीची नोंद नाही. मुख्याध्यापक अंदाजे वर्ष लिहितो, उपअभियंता दुसरं लिहितो, दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून कनिष्ठ सहायक ‘त्रुटीपूर्ततेस्तव परत’ असा शेरा मारतो. तो चुकत नाही, त्यालाही लेखापरीक्षणाला तोंड द्यायचंय. उपाय साधा: आधी नमुना ८ वर नोंद करून घ्या, त्याचा उतारा जोडा, आणि उपअभियंत्याच्या दाखल्यातही तेच वर्ष आहे ना ते सादर करण्याआधी डोळ्यांनी पाहा.

टेबलावर फाईल किती दिवस थांबावी याचाही कायदा आहे. वर आलेल्या २००५ च्या बदली अधिनियमातच कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाईल राहू नये असं लिहिलंय. तातडीची फाईल चार दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत. जिथे ई-ऑफिस नीट चालतं तिथे फाईल कुणाकडे किती दिवस आहे ते सीईओंच्या स्क्रीनवर दिसतं. भेटीला जाताना फाईल क्रमांक घेऊन गेलात तर ते तुमच्यासमोर उघडून बघतात, आणि संबंधित टेबलाला फोन तिथूनच जातो. या सेवेचा हा सगळ्यांत सुखद भाग. फाईल क्रमांक नसेल तर तुमचा अर्ज घेतला जातो, त्यावर शेरा मारला जातो आणि तुम्ही बाहेर.

तो शेरा वाचायला शिका. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे काहीही होणार नाही, हा नमस्काराचा प्रकार आहे. ‘तपासून सादर करा’ हा बरा, यात फाईल परत वर यावी लागते. ‘७ दिवसांत अहवाल’ सर्वांत चांगला, त्यासोबत तारीख आणि खातेप्रमुखाचं पदनाम असेल तर सोन्याहून पिवळं. आणि टिपणीवर ‘चर्चा’ एवढा एकच शब्द असेल तर काळजी करावी. साहेबांनी बोलावलंय असा त्याचा अर्थ, पण चर्चेला जायची खातेप्रमुखाची इच्छा नसेल तर फाईल त्या एका शब्दावर महिनोन्‌महिने झोपते. दालनात असतानाच ‘कोणत्या तारखेला चर्चा आहे?’ एवढं विचारायला हरकत नाही. त्यात उद्धटपणा कुणी मानत नाही.

लोकशाही दिनाचा मार्ग कमी वापरला जातो. जिल्हा पातळीवर महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज पंधरा दिवस आधी. तिथे जिल्हाधिकाऱ्यांसमोर झेडपीचं उत्तर मागितलं जातं, म्हणून गावाच्या पाण्याच्या किंवा रस्त्याच्या तक्रारीला तो चांगला. न्यायप्रविष्ट आणि सेवाविषयक प्रकरणं मात्र तिथे घेत नाहीत, त्यामुळे शिक्षकाच्या थकीत वेतनवाढीचा अर्ज तिथे देऊन वेळ घालवू नये.

जिल्हाधिकाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर पैशाचं सांगायला हवं. १९६१ साली वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून रचना झाली तेव्हा महाराष्ट्राने जिल्हाधिकाऱ्याला झेडपीच्या बाहेर ठेवलं आणि सीईओला त्याच्या तोलाचा अधिकारी मानलं. कागदावर अजून तसंच आहे. पण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी, त्यामुळे रस्ते, शाळा, दवाखाने यांचा पैसा त्यांच्या हातून येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण निधीचे ८० टक्के थेट ग्रामपंचायतींना गेले, पंचायत समिती आणि झेडपीला प्रत्येकी १० टक्के. उरतो झेडपीचा स्वनिधी, ज्याला सगळे सेस म्हणतात. त्यातले २० टक्के समाजकल्याण, १० टक्के महिला व बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग असे आधीच बांधलेले. सीईओंकडे नव्या उपक्रमासाठी पैसे मागायला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. सेसमधून मिळालं तर थोडं आणि लवकर. नियोजन समितीतून मिळालं तर बरंच, पण सही दुसऱ्या इमारतीतली.

सदस्य असतानाची आणि नसतानाची सेवा वेगवेगळी आहे. ज्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली तिथे सीईओ हेच प्रशासक झाले आणि ती व्यवस्था काही वर्षं लांबली. प्रस्ताव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. स्थायी समितीचा ठराव एका दिवसात. वेगाच्या दृष्टीने ग्राहकाला ते सोयीचं होतं, हे मान्य करायला हवं. पण गावातल्या बंद पडलेल्या हातपंपाची बातमी सर्वसाधारण सभेत टेबल आपटून सांगणारा सदस्य नव्हता, आणि ती पोकळी कोणत्याही ॲपने भरली नाही. सदस्य असताना सीईओवर वेगळी दोरी असते: सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव झाला तर शासनाला त्यांना परत बोलवावं लागतं. प्रत्यक्षात तेवढं बहुमत जमण्याआधीच कुणीतरी मुंबईला फोन करतं.

ज्यांना या खुर्चीकडे करिअर म्हणून पाहायचंय त्यांच्यासाठी दोन शब्द. बंगला, गाडी, जिल्ह्याचा ग्रामीण भाग पायाखाली घालायची संधी, सगळं खरं. कलेक्टरसारखा कायदा-सुव्यवस्थेचा आणि निवडणुकांचा रेटा नाही, त्यामुळे शाळा आणि कुपोषणासारख्या कामांत मन घालता येतं. त्रास तीन ठिकाणी आहे. न्यायालयात सेवाविषयक याचिकांचा ढीग, आणि अवमान याचिकेत नाव सीईओंचं. स्थानिक निधी लेखापरीक्षणाचे आक्षेप, काही वीस-वीस वर्षांचे. आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती. समिती जिल्ह्यात आली की आधीच्या चार सीईओंच्या काळातल्या अपहारांची साक्ष सध्याच्या सीईओला द्यावी लागते, प्रश्नावलीची उत्तरं रात्र रात्र जागून तयार होतात, आणि त्या आठवड्यात कुणाही अभ्यागताने झेडपीकडे फिरकू नये. खुर्ची रिकामी असते आणि टेबलावरचे सगळे आक्षेपांच्या अनुपालनात बुडालेले.

शेवटी बदलीच्या दिवसाबद्दल, कारण या सेवेचे सर्वांत जास्त ग्राहक त्याच दिवशी फसतात. बदलीचा आदेश आला की संध्याकाळपर्यंत दालनात फायलींचे गठ्ठे चढतात आणि जाणारे साहेब त्यांतल्या बऱ्याच सह्या करून मोकळे होतात. सही झाली म्हणून कुणी पेढे आणतं. पण टिपणीवरची सही म्हणजे मान्यता. आदेश वेगळा टंकलिखित व्हावा लागतो, त्यावर सही व्हावी लागते, आणि त्याला जावक क्रमांक पडावा लागतो. आदेशावर सही आहे पण जावक क्रमांक पदभार सोडल्यानंतरच्या तारखेचा, असं झालं की कॅफोकडे देयक अडतं आणि नवे साहेब ‘पुनश्च सादर करा’ लिहितात. म्हणून त्या दिवशी दालनाबाहेर थांबण्यात अर्थ नाही. तळमजल्यावर आवक-जावक शाखेत जाऊन बसावं, आणि नोंदवहीत आपल्या आदेशापुढे क्रमांक आणि तारीख पडलेली पाहून, तिचा फोटो काढून मगच बाहेर पडावं.